कोटेशनची चौथी ओळ

इलियासभाईंनी पहिले दोन महिने
कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही.
फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल दिला,
म्हणाले, आधी उजेड धरायला शीक.
मी धरला.
जालन्यात, सिंधी बाजारामागच्या गल्लीत,
दुपारी तीनला समोरच्या पत्र्यावरून उडी मारून
स्टुडिओत येणारा उजेड,
दंड भरून येईपर्यंत.

त्यांनी आयुष्यभर काढले ते बियाण्याच्या पाकिटांवरचे फोटो.
टपोरं बोंड, एका अंगानं उजळलेलं.
"बोंडाला पण गाल असतो, बेटा.
समोरून फ्लॅश मारशील तर पांढरा डाग दिसंल.
बाजूनं आण, म्हंजे कापूस दिसंल."

मनकर्णा बांगड्यांच्या काउंटरवर उभी असते.
नाव आजीचं, इन्स्टावर तिनं त्याचं मन्नत केलंय.
रंग काकवीचा.
मोबाइलवर शिकवणारे सगळे
गोऱ्या बायका बसवून शिकवायचे,
मी हिच्यावर शिकले.
नाकाची सावली ओठाला शिवू द्यायची नाही.
गालावर उजेडाचा तिकोन,
"समोसा नको, बोटाच्या पेरावर मावंल एवढा."
आणि सावळ्या कातडीवर उजेड ओतायचा नसतो,
शेजारी आणून ठेवायचा.
ती तिची तिची चकाकते.

आत्याच्या हिमरू शालीचा कोट शिवून घेतला
आणि एमआयडीसीत भंगाराच्या ढिगापुढं तिला उभी केली.
वॉचमन म्हणाला, "हितं काय करायलात? मोतीबाग हाय की."
मागं वेल्डरनं काम थांबवलं नाही.
त्याची ठिणगी उडाली
आणि तिच्या कानामागचे केस एकेक मोजता आले.
ते मी ठरवलं नव्हतं.
बटण मात्र मीच दाबलं.

मग पारसमलजींच्या दुकानाचा कॅटलॉग, वीस साड्या.
"बटनच दाबायचं ना? भाचा काढतो मोबाइलवर."
इलियासभाईंनी पढवून पाठवलं होतं,
भाव सांगायचा नि गप बसायचं,
शटर एकदाच वाजतं.
अठरा हजार, अर्धे आधी.
पंखा फिरत राहिला. चहावर साय धरली.
ते पंधरा म्हणाले.
मी हो म्हणाले, लगेच.
परतल्यावर उरलेल्या तीन हजारांची बोलणी खाल्ली.

दिवाळीआधी मामा चौकात होर्डिंग लागलं.
वीस बाय दहा. मोरपंखी काठ, मनकर्णा,
आणि चेहरा ताकात बुडवून काढलेला.
तिकोन पुसून टाकलेला.
ती स्कूटीवर माझ्या मागं बसली होती.
बराच वेळ वर बघून म्हणाली,
"ही कोण गं?"

दुकानात गेले.
"गिऱ्हाइकाला असंच लागतं. पैसे दिले ना?"
दिले होते. पावती माझ्याच अक्षरातली.
चेहरा कुणाचा, उजेड कुणाचा,
कागदावर यातलं काहीच नव्हतं.

रात्री कोटेशन नव्यानं टाइप केलं.
एक, अर्धी रक्कम आगाऊ.
दोन, फोटो कुठं आणि किती महिने वापरणार ते लिहून द्यावं.
तीन, मॉडेलचे पैसे वेगळे, तिच्या हातात.
चार, कातडीचा रंग बदलता येणार नाही.
इलियासभाईंनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं.
"चौथ्या ओळीनं दोन गिऱ्हाइकं जातील."
तीन गेली.

भंगारापुढचा तो फोटो आता भिंतीवर असतो,
पासपोर्टच्या दरपत्रकाशेजारी.
परवा रोलिंग मिलमधली एक बाई आली,
कसलासा फॉर्म होता, आठ कॉप्या, मागं पांढरं.
पैसे मोजता मोजता फोटोपुढं थांबली.
असा उजेड माझ्यावर पाडतीस का?
म्हटलं, मावशी, फॉर्मला सावली चालत नाही.
बसा.